सकळ लिपी आणि अण्णांचा मोबाइल

अण्णा २०१९ साली गेले. दिवसकार्य आटोपल्यावर धावड्याच्या घरातले कपाट आवरताना औषधांच्या डब्यात त्यांचा मोबाइल सापडला. काच तडकलेली, बॅटरी फुगलेली. तो पुन्हा सुरू होणे शक्य नव्हते. मागचे झाकण नखाने उघडले, आतले मेमरी कार्ड काढून संगणकाला लावले, तेव्हा एक साधी मजकुराची फाइल उघडली. रुमणं, चाडं, शिवळ, मोघण... तीनशेहून अधिक शब्द आणि प्रत्येकापुढे एक-दोन ओळींत अर्थ. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेला माझा बाप, ट्रॅक्टर आल्यापासून गावच्या बोलीतून निघून चाललेले औतफाट्याचे शब्द गोळा करीत होता, आणि मराठीचा प्राध्यापक म्हणवणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या खिशात तेव्हा आयफोन होता. त्याला नखाने उघडणारे झाकण नाही, कार्डाची खाच नाही. तो असाच बंद पडला असता आणि पासवर्ड माझ्याबरोबरच गेला असता, तर माझ्या मुलाच्या हाती काय लागले असते? आपल्या माघारी कोणी उघडावे ते नोंदवण्याची सोय ॲपलने २०२१ साली केली खरी. पण त्यासाठी आपले मरण आपल्याला आधी सुचावे लागते.

मुक्त आणि बंदिस्त यंत्रांची चर्चा आपण बहुधा बाजाराच्या भाषेत करतो. २००७ साली आयफोन आला. यंत्र, त्याची प्रणाली आणि ॲपचे दुकान या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती राहिल्या. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला. त्या प्रणालीचा गाभा कोणाही उत्पादकाला घेता येई, आपल्या यंत्रावर बसवता येई. या मुभेमुळेच चार-पाच हजारांचे फोन भोकरदनच्या दुकानांत दिसू लागले. आज भारतातल्या दहा स्मार्टफोनांपैकी नऊहून अधिक अँड्रॉइडचे आहेत. हिशेब येथे संपायला हरकत नाही. परंतु भाषेच्या माणसाला तो येथे संपवता येत नाही.

अण्णांच्या पहिल्या स्मार्टफोनवर मी मराठीत पाठवलेला निरोप चौकोनी डब्यांच्या रांगेसारखा दिसे. 'तुझं पत्र आलं, पण सगळी घरं रिकामी होती,' असे ते फोनवर म्हणाले होते. पुढे देवनागरी दिसू लागली, पण लिहायची कशी? २०१३ साली मुंबईच्या आयआयटीतून 'स्वरचक्र' हा कळफलक आला. व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती मात्रांचे चक्र उमटते. अण्णा हरखले. म्हणाले, 'अरे, ही तर बाराखडीच!' बाहेरच्या कोणी केलेला कळफलक बसवण्याची मुभा अँड्रॉइडमध्ये होती, म्हणून हे घडू शकले. आयफोनवर ती मुभा २०१४ साली आली आणि मराठीचा स्वतंत्र कळफलकही त्याच साली. बंदिस्त यंत्रात मराठीला मालकाच्या लक्षात येईपर्यंत ताटकळावे लागले. मुक्त यंत्रात एका विद्यापीठातल्या माणसांना मालकाची वाट पाहावी लागली नाही.

हा वाद आपल्या वाङ्मयाला नवा नाही. आमच्याच भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे स्थान आहे. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामागे ग्रंथाचे पावित्र्य जपण्याची आच होती, आणि पाठ बाहेरच्या हातांपासून राखलाही गेला. पण लीळाचरित्रासारखे गद्य विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे लिपीची किल्ली सापडेपर्यंत, पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ नव्हतेच. उलट ज्ञानेश्वरी साऱ्यांच्या हाती गेली. ज्याने त्याने उतरून घेतली, पाठभेद माजले, आणि १५८४ साली एकनाथांना बसून ती शुद्ध करावी लागली. मुक्ततेला म्हणूनच एका एकनाथाची गरज असते.

ही गरज मला गेल्या वर्षी गावातच कळली. माझ्या चुलतभावाच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. गावाकडे पत्रिकेला नाही म्हणत नाहीत. त्याने फाइल उघडली, फोनने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटले, आणि रात्रीतून मिरचीच्या पट्टीचे पैसे खात्यातून गेले. ती पत्रिका नव्हती, ॲप होते. माझ्या बंदिस्त फोनने ती फाइल बसवूनच घेतली नसती. त्या दिवशी भावासमोर मुक्ततेची थोरवी सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

बाजारातही या दोन शब्दांच्या कडा आता झिजल्या आहेत. ज्याला आपण मुक्त म्हणतो, त्या अँड्रॉइडसोबत स्वतःची ॲप लादण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १३३७ कोटींहून अधिक दंड केला. ज्याला बंदिस्त म्हणतो, त्या आयफोनला २०२४ साली युरोपात कायद्यामुळे इतरांच्या दुकानांना दार उघडावे लागले. बाहेरून बसवल्या जाणाऱ्या ॲपच्या कर्त्यांची ओळख पडताळण्याचा निर्णय गुगलने २०२५ साली जाहीर केला. एकाने कडी लावायला घेतली, दुसऱ्याला ती काढावी लागली.

म्हणून दाराला कडी असावी की नसावी, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. कडी असावीच, चोर आहेत. प्रश्न ती आतून लागते की बाहेरून, हा आहे. घरात राहणाऱ्याला ती काढता आली पाहिजे, आणि त्याच्या माघारी त्याच्या वारसालाही. सांकेतिक लिपीतला ग्रंथ किल्ली असेतो ग्रंथ असतो. किल्ली हरवली की नुसता कागद.

अण्णांची फाइल मी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दिली आहे. ती कोणत्याही यंत्रावर उघडते. मुले आपापल्या गावचे शब्द तिच्यात घालताहेत. काही चुकीचे घालतात, काही दोनदा. दर शनिवारी मी बसतो आणि ते तपासतो. परवा एका मुलीने शिवळीचा अण्णांनी दिलेला अर्थ खोडून आपल्या आजोबांनी सांगितलेला लिहिला. मी दोन्ही ठेवले.