रुक्मिणीची चिठ्ठी

आमच्या अमरावतीच्या घरी एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' होतं, लाल फडक्यात बांधलेलं. उपवर मुलीनं त्याचं पारायण केलं की लग्न जमतं, असा समज. आजीनं ताईपुढे पोथी ठेवली, ''वाच वं बाई, औंदा जमलंच पाह्यजे.'' मी शेजारी बसून ऐकायची. नाथांनी १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलेला हा ग्रंथ १८ प्रसंगांचा. माझा जीव अडकला तो चिठ्ठीपाशी.

कारण ही मुलगी आमच्याच जिल्ह्यातली. वर्धेकाठचं कौंडण्यपूर तिचं माहेर. भावानं शिशुपालाशी ठरवून टाकलेलं आणि ही नुसत्या ऐकलेल्या गुणांवर कृष्णाला कळवते. भागवतात तो निरोप ७ श्लोकांचा आहे. त्यात लाजणं थोडं, बेत पक्का : लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेरच्या देवीला येईन, तिथून ने. ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी, असं अमरावतीत कोणीही सांगेल.

पुढे मी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकायला गेले. तिथं एक जण आवडला. नाही म्हणाला तर उद्या त्याच वर्गात बसायचं. आणि हो म्हणाला तर घरी सांगायचं! मला नकारापेक्षा होकाराचीच धास्ती जास्त होती, हे आता कळतं. मे महिन्यात, एसटी स्टँडवर, बोलून टाकलं. उन्हामुळे तोंडाला दुपट्टा होता, डोळे तेवढे उघडे. धीर त्यामुळेच झाला असावा. तो गप्प. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच हसले, ''अरे, गंमत केली!'' गाडी लागली. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मी दुपट्टा सोडला नव्हता.

त्याचं उत्तर काय असतं, ही रुखरुख केव्हाच संपली. त्याचं लग्न झालं, माझंही, बरं चाललंय. सलते ती 'गंमत'. नकार त्यानं दिलाच नाही, माझा मीच देऊन टाकला. कौंडण्यपूरच्या पोरीनं चिठ्ठी धाडल्यावर परत मागवली नव्हती.

यंदा ताई भाचीसाठी पोथी न्यायला आली. हा रिवाजही अजबच. जिनं घरचं स्थळ झुगारून आपला नवरा आपण निवडला, तिची कथा आपण पोरींकडून वाचून घेतो, कशासाठी, तर घरच्यांनी आणलेलं स्थळ जमावं म्हणून! ताईला म्हटलं, ''ने बापा. पण पोरीनं वाचता वाचता कोणाचं नाव सांगितलं, तर आधी ऐकून घेजो.'' तुमच्या घरी ही पोथी असेल, तर तुम्हालाही तेवढंच सांगणं.