शून्याचें मोल

आम्हां शिक्षकांच्या व्यवहारांत शून्यास मान नाहीं. उत्तरपत्रिकेवर तें लिहितांना माझाही हात आजवर क्षणभर थबकत आला आहे. परंतु एक परीक्षा अशी आहे कीं, तींत शून्य मिळालें तरच उमेदवार उत्तीर्ण होतो. ती म्हणजे पुरुषाच्या नसबंदीनंतर व्हावयाची वीर्यतपासणी.

शस्त्रक्रिया उरकली कीं काम झालें, असें पुष्कळ सुशिक्षितांसही वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. धरणाचे दरवाजे मिटले तरी कालव्यांतलें पाणी कांहीं काळ वाहतच राहतें. तसे छेदलेल्या वीर्यवाहिनीच्या पुढल्या भागांत आधींचे शुक्रजंतु शिल्लक असतात. ते निघून जाण्यास सुमारें तीन महिने लागतात, व तोंवर गर्भनिरोधाचें दुसरें साधन वापरणें भागच असतें. क्वचित् छेदलेलीं टोकें पुन्हां सांधलींही जातात. यांतलें कांहींच बाहेरून कळत नाहीं. कळतें तें सूक्ष्मदर्शकाखालीं. म्हणूनच आपल्याकडे नसबंदीचा सरकारी दाखला या तपासणीनंतरच मिळतो.

तरीही अनेकांचें पाऊल येथेंच अडखळतें. टांक्यांना न भ्यालेला गृहस्थ नमुन्याची बाटली प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवतांना लाजतो. मीही ती सदऱ्याच्या खिशांत, चोरीचा माल न्यावा तशी नेली होती.

पण या लाजेची किंमत कोण भरतें? तपासणी टाळली आणि पुढें पत्नीस दिवस गेले, तर शस्त्रक्रियेविषयीं शंका घेणारे थोडे. तिच्या शीलाविषयीं घेणारे पुष्कळ. पुरुषानें चुकविलेल्या परीक्षेचा जाब तिला द्यावा लागतो. आधींच हा सारा भार आपण स्त्रियांवर लोटला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत कुटुंबनियोजनासाठीं स्त्री-शस्त्रक्रियेचें प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-शस्त्रक्रियेचें अवघें ०.३ टक्के आढळलें. त्या मूठभरांनीं तरी शेवटची पायरी गाळूं नये.

माझ्या निकालाच्या कागदावर 'शुक्रजंतु आढळले नाहींत' एवढेंच वाक्य होतें. मीं तो पत्नीच्या हातीं दिला. तिनें तो दोनदां वाचला, आणि कांहीं न बोलतां मुलांच्या जन्मदाखल्यांशेजारीं जपून ठेवला.