पुढचे चाक

मोटारसायकलचे मागचे टायर झिजते आणि पुढचे म्हातारे होते. हा फरक मला उशिरा कळला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आमची २००६ सालची हिरो होंडा स्प्लेंडर गेली काही वर्षे पडवीत उभी होती. धाकट्याला वसईतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा त्याने ती धुऊन-पुसून बाहेर काढली. पुढच्या टायरची नक्षी शाबूत होती. मात्र बाजूच्या भिंतीवर, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा होत्या. "पप्पा, गोटी अजून भरपूर आहे. एवढं वर्ष काढू या की," तो म्हणाला. मी काही न बोलता त्याला दुकानात घेऊन गेलो.

तेथे त्याचे मन एका रुंद, ठोकळ्यांच्या नक्षीच्या टायरवर बसले. तरुण वय! आमच्या टायरवर २.७५–१८ असे लिहिलेले होते: पावणेतीन इंच रुंदी आणि १८ इंचांची रीम. अरुंद रीमवर रुंद टायर चढवले की त्याची गोलाई बिघडते आणि वळणावर गाडी जड वाटू लागते. पुढे ४२पी अशी खूण होती. ४२ म्हणजे १५० किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगाची मर्यादा. आमची गाडी उतारावरही तेवढी धावायची नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या चाकाला गाडी ढकलायची नसते. तिला वळवायचे आणि थांबवायचे असते. म्हणून त्याच्या टायरवर बहुधा परिघाला धरून जाणाऱ्या सलग खाचा असतात. पावसाचे पाणी त्यांतून निघून जाते. ब्रेक दाबला की भार पुढे झुकतो. मागचे चाक घसरले तर माणूस कसाबसा सावरतो. पुढचे घसरले तर सावरायला अवधीच उरत नाही.

मग मी त्याला टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक शोधायला सांगितले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. "१४११ असेल तर २०११ सालचा चौदावा आठवडा," मी म्हणालो.

"१४११च का?" त्याने विचारले.

तेव्हा मला सांगावे लागले. २०१७ साली मी घेतलेल्या टायरवर तोच आकडा होता. दुकानदाराने काही लपवले नव्हते. "जुना माल आहे, दोनशे कमी द्या," तो म्हणाला होता. रबर कडक झाले होते, नखाला जाणवत होते. मी दोनशे रुपये वाचवले. २५ जुलै २०१८ रोजी आगाशीहून संत याकोबाच्या सणाची मिस्सा आटोपून आम्ही दोघे परतत होतो. निर्मळच्या अलीकडे एक वासरू आडवे आले, मी ब्रेक दाबला आणि पुढचे चाक ओल्या रस्त्यावर सरकले. मला खरचटले. हिचे उजवे मनगट मोडले. आजही तिला कपडे पिळता येत नाहीत.

रस्त्यावर माती होती, असे मी सर्वांना सांगितले. माती होतीच. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना त्या दोनशे रुपयांविषयी सांगितले. घरात मात्र कधी नाही.

धाकट्याने रुंद टायर मुकाट्याने परत ठेवले. आम्ही खाचांचे टायर घेतले, अंक वाचला, ट्यूबही नवी घेतली, भिंतीवरचा बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने असल्याची खात्री केली. नवे रबर गुळगुळीत असते. पहिले १०० किलोमीटर जपून चालव, असे मी त्याला बजावले.

संध्याकाळी तिला सारे सांगितले. "दोनशे रुपये?" एवढेच ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली. मग पडवीत गेली आणि चाकाजवळ वाकली.

"ते अंक कुठे असतात, दाखवा बघू."