सहस्रकुंडचा रविवार, ढाणकीमार्गे

उमरखेड हे कॉलेजचं गाव. गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालयात आसपासच्या खेड्यांतली पोरंपोरी एसटीच्या पासवर शिकायला येतात. घरातल्या लहानग्यांना रविवारी कुठे न्यायचं, हे मात्र इथं मोसम ठरवतो. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर मैदान, बाजाराच्या दिवशी बाजार, आणि पावसाळा उतरणीला लागला की पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा.

बहिणीची दोन पोरं आणि हिमायतनगरहून आलेला त्यांचा आतेभाऊ, अशी फौज घेऊन आम्ही ढाणकीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, कपाशी, मधूनच हळदीची गर्द पानं. सप्टेंबर असल्यानं गाडीत वाद पेटलेला.

"मामा, याच्या शाळेत सतरा तारखेला झेंडावंदन असते. आमच्या इथं काऊन नाही?"

प्रश्न चोख होता. आतेभाऊ नांदेड जिल्ह्यातला, म्हणजे मराठवाड्याचा. ही दोघं वऱ्हाडातली. निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच्याच नावानं ठेवलेल्या फौजेचा खर्च थकला होता, त्यापोटी! नदीपलीकडचा मुलूख त्याच्याकडे राहिला आणि या भागात पैनगंगा दोन राज्यांची सीमा झाली. अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम. उमरखेड तेव्हा वाशीम जिल्ह्यात होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि पुसदबरोबर हा भाग यवतमाळकडे आला. पुढे १९४७ साली देश स्वतंत्र झाला तरी पलीकडचा काठ निजामाकडेच. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या त्या काळात हैदराबाद संस्थानातल्या कार्यकर्त्यांनी सीमेच्या अलीकडे शिबिरं उभारली. त्यांतलं एक उमरखेडला होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची फौज शरण आली. म्हणून आतेभावाच्या शाळेत झेंडा चढतो आणि भाच्यांच्या शाळेत त्या दिवशी रोजचे तास भरतात.

"म्हणजे याला एक झेंडावंदन जास्त," धाकटीनं हिशेब केला. तिला त्या दिवशी मिळणाऱ्या खाऊचं दुःख होतं, असा माझा संशय आहे.

ढाणकीत थांबलो. आता इथं नगरपंचायत आहे, पण गावाचा जीव अजून बाजारपेठेतच. पलीकडच्या खेड्यांची बी-बियाण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंतची खरेदी इथंच होते. कढईतली गरम भजी आणि तळलेली मिरची कागदावर आली. मिरची कोण खातो यावरून पैज लागली. आतेभाऊ जिंकला आणि पुढचा बराच वेळ गप्प बसला.

ढाणकी सोडून बिटरगावच्या अंगाला निघालं की लागतो तो बंदीभाग म्हणून ओळखला जाणारा पट्टा. सागाचं जंगल, पैनगंगा अभयारण्य, विरळ वस्ती. बातम्यांत हा भाग येतो तो बहुधा खराब रस्त्यांसाठी किंवा पुरात तुटलेल्या संपर्कासाठी. त्याचं हिरवं रूप सांगायला फारसं कुणी येत नाही.

धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा इथं काळ्या कातळावर येऊन फुटते, असंख्य धारांनी खाली कोसळते आणि पुन्हा एक होऊन खडकांच्या अरुंद वाटेनं निघते. पाण्यानं कातळाला खळगे, कपारी, रांजण पाडलेत. समोरच्या काठावर महादेवाचं देऊळ आणि तिकडची गर्दी. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशन आहे, त्यामुळे मराठवाड्याची माणसं आगगाडीनंही येतात. आतेभावानं पलीकडे हात हलवला. "तिकडं आमचं आहे!" पलीकडून कुणीतरी अनोळखी पोरानं हात हलवून उत्तरही दिलं. ही दोघं मग त्याच्याहून जोरात ओरडू लागली. आवाज अर्थातच पाण्यानं गिळला. ज्या काठांवर एकेकाळी पहारे होते, तिथं पोरांनी मांडलेलं हे भांडण मला फार आवडलं.

जायचं तर ऑगस्टपासून दिवाळीच्या आधीपर्यंत जा. उन्हाळ्यात नुसता कातळ बघावा लागेल. वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे, त्याचे दरवाजे उघडले की पाणी वाढतं. तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. शेवाळलेल्या खडकावर फोटोसाठी उतरू नका, आणि लेकरांचा हात तर अजिबात सोडू नका.