आठ आवाजांची जागा

विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीवर माहितीचे खड्डे साच्यातच उठवलेले असतात. घरी बर्न केलेल्या डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लाल लेसर त्यावर उष्णतेने खुणा पाडतो. रंग म्हटला की तो विटणारच. आत्याच्या लग्नाची आमची तबकडी विटली ती कडेकडून. मूळ व्हीएचएस टेपला केव्हाच बुरशी लागलेली. म्हणजे काकांनी हौसेने उतरवून ठेवलेली ही 4.7 जीबीची तबकडी, एवढंच लग्न शिल्लक.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. म्हणून घाणा भरताना आजीने म्हटलेल्या ओव्या मधल्या भोकाजवळ सुखरूप होत्या. मंगलाष्टकाही शाबूत. पाठवणी मात्र अगदी कडेला, जिथे बोटं लागतात, दमट हवा आधी शिरते.

साधी कॉपी पहिल्याच खराब जागेशी अडून बसते. जीएनयू डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येईल ते सगळं उचलतं, अडलेल्या जागांचा नकाशा लिहून ठेवतं आणि मग तिथे पुन्हा पुन्हा जातं. एका ड्राइव्हला न दिसलेलं कधी दुसऱ्याला दिसतं. तोच नकाशा घेऊन पुढे गेलं की भोकं आक्रसतात. ड्राइव्ह घरघरत, अडखळत असताना मला जागचं उठवेना. पडद्यावर नुसते आकडे होते, पण ते आमच्या माणसांचे होते.

2048 बाइटच्या एकेका सेक्टरात एक तर चित्राचा तुकडा असतो, नाही तर आवाजाचा. त्यामुळे पाठवणीत कुठे कुठे चेहरे चौकोनांत विरघळले, तरी आत्याचा हुंदका स्वच्छ ऐकू येतो. एमपीईजी-2 मध्ये साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र, मधली त्याच्या आधाराने काढलेली. ते एक गेलं की पुढच्या पूर्ण चित्रापर्यंत हिरवा शालू भिंतीवर पसरत राहतो.

मग नवी मांडणी. जुन्या डीव्हीडीत दर पाच मिनिटांनी प्रकरण तुटायचं. मी घाणा, सीमांतपूजन, हळद, मंगलाष्टका, पाठवणी अशी लावली. गेलेला भाग कापून दोन टोकं जोडता आली असती. पण मग आजी मांडवातून थेट गाडीपाशी पोचली असती, मधलं चालणं झालंच नाही अशी. ते मला मान्य नव्हतं. तिथे काळा पडदा ठेवला, जेवढा वेळ हरवला तेवढाच.

डीव्हीडीत एका चित्राला आठपर्यंत ध्वनिपट्ट्या देता येतात. दुसऱ्या पट्टीवर आत्याचं सांगणं घेतलं: त्या काळ्या वेळात कोण पुढे आलं, ओटी कुणी भरली, आजी काय म्हणाली. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबलं की आत्या बोलू लागते. काकूने ते ऐकलं आणि ठामपणे म्हणाली, “छे, ओटी मी भरली होती.” पुढच्या रविवारी तिचं सांगणं तिसऱ्या पट्टीवर घ्यायचं ठरलंय.