चिंचोक्यांची सर

पत्र्याच्या डब्यातून सुपात चिंचोके ओतताना आधी एक-दोन टपटपतात, मग एकदम सगळी सर कोसळते, आणि डबा पुरता उपडा केला तरी तळाशी अडकलेला एखादा उशिरानं, एकटाच खाली येतो. त्या शेवटच्या चिंचोक्याची वाट पाहणं हे बालवाडीतलं माझं सगळ्यात मोठं काम होतं. बाई जवळच बसलेल्या असत, कुणाची तरी वेणी घालत. 'झालं का?' असं त्या कधीच विचारत नसत. मी पुन्हा डबा भरायचे, पुन्हा ओतायचे. गुळगुळीत, तपकिरी, तळहाताच्या उबेनं कोमट झालेले ते चिंचोके मुठीत मावायचे नाहीत, बोटांच्या फटींतून निसटायचे, आणि जास्त म्हणजे किती, कमी म्हणजे किती, हे हाताला परस्पर कळत जायचं. कुणी आपल्याला शिकवतंय, असं मात्र कधी वाटलं नाही.

किती निवांत होतं ते सगळं!

त्या निवांतपणामागे केवढी तपश्चर्या होती, हे फार पुढे कळलं. १९४५ साली खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी चालवायला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डी गावी आल्या, शिक्षिका अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरी पद्धतीची देखणी, महागडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती; मग समुद्रकाठचे शंखशिंपले, रानातल्या बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांमागे शाळा कुरणावरसुद्धा गेली. आणि अक्षरांच्या कितीतरी आधी तिथं आंघोळ होती, नखं कापणं होतं, केस विंचरणं होतं. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हेच. ज्या हातानं डोक्याला तेल लावलं, त्याच हातानं पुढे पाटी दिली, तर मूल ती घाबरून घेत नाही.

आता सकाळी कोपऱ्यावर शाळेच्या गाड्या थांबतात. साडेतीन वर्षांची चिमुरडी, पाठीवर दप्तर, दप्तरात चार रेघी वही. पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की बोटांची टोकं पांढरी पडावीत. मनगटाची हाडं अजून पुरती भरलेली नसतात हो त्या वयात! तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंत खेळातूनच शिकू द्या, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलं आहे. तरी वही भरलेली दिसली की घरच्यांना बरं वाटतं, आणि रिकामी दिसली की शाळेची धडगत नसते.

तुमच्या घरात एवढंसं मूल असेल, तर एवढं करा. पालकसभेला जाल तेव्हा त्याला किती लिहिता येतं, हे विचारू नका. आज ते काय खेळलं, कुणाशी खेळलं आणि रडलं तेव्हा त्याला जवळ कुणी घेतलं, हे विचारा.