पेरणीची घाई आणि व्हिसलरचा बर्फ

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप आणि ब्राउझरमध्ये चौदा टॅब. बेत असा: चार मित्र, चार दिवस, व्हिसलरला स्कीइंग. आमच्यापैकी एकालाही स्कीवर उभं राहता येत नाही. पण व्हँकुव्हरमध्ये तीन हिवाळे काढले आणि सव्वाशे किलोमीटरवरच्या डोंगरावर एकदाही आपटलो नाही, हे काही बरं नव्हे!

सगळ्यांना नाताळची सुट्टी हवी होती. मी हॉटेलचं बुकिंग करणार, तेवढ्यात घरून फोन आला. आमचं घर रिसोड तालुक्यात, जिल्हा वाशीम. बाबांनी आधी भाव विचारला. ऐन गर्दीत लिफ्टचं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या वर, असं सांगितलं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाबांचा हिशोब तोंडी झाला.

"म्हंजे दोन-अडीच क्विंटल. एका दिवसाचं?"

मी गप्प. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "अन् बर्फ नाही पडला त?"

आता याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दिवसांचे स्वस्त पास डिसेंबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, म्हणजे बर्फाचा अंदाज यायच्या आत. बर्फ कमी पडला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. शिवाय व्हिसलर गाव फक्त पावणेसातशे मीटरवर आहे, आपल्या वाशीमपेक्षा शंभर-सव्वाशे मीटर उंच, बस्स. डिसेंबरात वर बर्फ आणि खाली गावात चक्क पाऊस, असं बरेचदा होतं. २०२३ च्या डिसेंबरात तर पश्चिम कॅनडात सगळीकडेच बर्फाची बोंब होती.

"मंग घाई काहून करून रायला?" बाबा म्हणाले.

त्यांनी पुढे काही सांगितलं नाही, पण मला २०१४ आठवलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचं वर्ष. फी भरायची होती, पीक लवकर हाती यावं म्हणून बाबांनी पहिल्याच पावसावर पेरलं. मग जून कोरडा गेला. बियाणं मातीतच गेलं. दुबार पेरणी झाली आणि त्यासाठी आईचे कानातले गेले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो. बाबांना ते तेव्हाही माहीत होतं. घाई माझ्यासाठी केली होती.

त्या फीवर मी इथे बसून टॅब उघडतोय, हे बाबा कधीच बोलून दाखवणार नाहीत.

असो. तर मंडळी, नवा बेत असा. पास आत्ताच घ्यायचे, कारण ते स्वस्त आहेत आणि कुठल्या दिवशी वापरायचे ते नंतर ठरवता येतं. जायचं फेब्रुवारीअखेर, तोवर वर बऱ्यापैकी थर साचलेला असतो. हॉटेल रद्द करता येईल असंच. हवामान बघताना गावाचं नाही, डोंगराच्या मध्यावरचं बघायचं. आणि पहिल्या दिवशी नवशिक्यांचा क्लास, नाहीतर हाडं मोडायची.

मित्रांना सांगितलं तर म्हणाले, अरे, हे एवढं प्लॅनिंग कुठून शिकलास?

संध्याकाळी बाबांना नवी तारीख कळवली. "ठीक," म्हणाले. "अन् आईचं तिकीट पाय. तिले बर्फ पाहाचा हाय."

पंधरावा टॅब उघडलाय.